पहिलं वाक्य

ऑपरेटरकाकू मंचावरच्या खुर्चीत बसल्या तेव्हा दोन नाटकांची पहिली वाक्यं होऊन गेली होती. त्यांनी काठी खुर्चीच्या पाठीला अडकवली, डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि समोर पाहिलं. सभागृह एकदम गप्प झालं. छापलेल्या यादीत काकूंच्या नावापुढे फक्त ‘सत्कार’ असं होतं, आणि सत्काराला अजून वेळ होता.

या हौशी मंडळाची रीत जुनी. येत्या हंगामाची नाटकं जाहीर करायची ती अशी, की ज्याची मुख्य भूमिका त्याने मंचावर यायचं आणि नाटकाचं पहिलं वाक्य म्हणायचं. हातात वही नको, विंगेतून मदत नको. वाक्य अडलं तर भूमिका दुसऱ्याला. यंदा तीन नाटकं आणि शेवटी एक संगीत नाटक होतं. तिसऱ्या नाटकातली घरमालकीण काकूंनी करायची, हे गेल्याच वर्षी ठरलं होतं. मग हिवाळ्यात काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. हॉस्पिटलची टेलिफोन ऑपरेटर म्हणून तीस वर्षं गावभर ओळखला गेलेला तो आवाज जड झाला, आणि भूमिका कुणी काही न बोलता बँकेतल्या मुलीकडे गेली. ती बिचारी आता विंगेत वाक्य घोकत उभी होती.

“काकू, अहो तुमचा सत्कार ठेवलाय ना,” अध्यक्ष पायऱ्या चढत म्हणाले. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगायचे, मंडळात मात्र कुणाला उघडू द्यायचे नाहीत.

“सत्कार,” काकू म्हणाल्या. मधे बराच वेळ गेला. “मेल्यावर करा.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “ठीक आहे. म्हणा. पण नियम सगळ्यांना सारखाच हं.”

“माहितेय.”

आज मदत करायची नसली तरी डावीकडच्या विंगेत प्रॉम्प्टर सवयीने वही घेऊन स्टुलावर बसला होता. प्रॉम्प्टर म्हणजे काकूंचा नवरा. मंडळात त्यांना कुजबुजराव म्हणत. नट अडला की मनात तीन आकडे मोजायचे आणि पुढचा शब्द हळूच सोडायचा, हे काम त्यांनी पस्तीस वर्षं चोख केलं होतं. काकू आजारी पडल्यापासून ते घरीही हेच करू लागले. दुकानात, दवाखान्यात, लेकीच्या फोनवर वाक्य काकूंनी सुरू करायचं आणि संपवायचं यांनी. मायेनेच करायचे. पण सहा महिन्यांत काकूंनी स्वतःचं एकही मोठं वाक्य स्वतः संपवलेलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना भयंकर राग होता. आज घरून निघतानाच त्यांनी नवऱ्याला तोंडावर बोट ठेवायला लावलं होतं.

“खुर्ची,” काकूंनी सुरुवात केली. “हलवू नका.”

अक्षरं अंधारात पायरी चाचपावी तशी येत होती, पण येत होती.

“मी अजून...”

ओठ हलले, शब्द आला नाही. एक. दोन. तीन.

“उठले नाहीये,” विंगेतून आवाज आला.

कुजबुजच ती, पण त्या शांततेत शेवटच्या रांगेपर्यंत गेली. कुजबुजरावांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. जित्याची खोड. सभागृहातून एक लांब हळहळ उठली.

“अरेरे,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. “काकू, आता काय करणार? नियम आपणच केलेत. विंगेतून सांगितलं गेलं.”

“सांगितलं त्यांनी,” काकू म्हणाल्या. “घेतलं नाही मी.”

“तसं नसतं हो.” अध्यक्षांनी सुतार आणि लाइटवाल्याला हाताने खुणावलं. दोघं खाली मान घालून आले. सुताराने खुर्चीचा एक हात धरला, लाइटवाल्याने दुसरा. “चला काकू, उठा,” सुतार अगदी हळू म्हणाला. ही खुर्ची त्यानेच पूर्वी एका नाटकासाठी काकूंच्या मापाने बनवलेली होती.

“अगं, ये घरी,” विंगेतून कुजबुजराव म्हणाले.

“अहो, गप्प.”

मग काकूंनी आधी सुताराकडे पाहिलं, नंतर लाइटवाल्याकडे. घाई अशी कसलीच केली नाही.

“खुर्ची हलवू नका,” त्या म्हणाल्या.

सुताराचा हात जागीच थांबला.

“मी अजून...”

कुजबुजरावांनी डोळे मिटले. तीन झाले, पाच झाले. आठाच्या पुढे त्यांनी मोजणं सोडलं आणि वही मिटून टाकली. बँकेतल्या मुलीचेही ओठ हलायचे थांबले. खोकला आलेल्या एका म्हाताऱ्याने तो तसाच गिळला.

“उठले,” काकू म्हणाल्या. त्यांनी श्वास घेतला. “नाहीये.”

सुताराने खुर्चीचा हात सोडला. लाइटवाल्याने त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानेही सोडला. दोघं जिथून आले होते तिथे परत गेले. अध्यक्षांना विचारायला कुणी थांबलं नाही.

अध्यक्ष मंचावर एकटेच उभे राहिले. “काकू,” ते म्हणाले, “अशाने प्रयोग चार तास चालेल.”

“मग मध्यंतरं,” काकू म्हणाल्या, आणि अख्खं सभागृह त्यांच्यासाठी थांबलं, “दोन ठेवा.”