सातवी पट्टी

सातवी पट्टी सोडून बाकी सगळ्या बंद करायला रेकॉर्डिस्टने सुरुवात केली, तशी हॉलमधली कुजबुज थांबली. जुन्या टेपवर प्रत्येक वाद्याची, प्रत्येक आवाजाची पट्टी वेगळी असते. त्याने आधी ड्रम बंद केले, मग दोन्ही गिटार.

समोर साठेक चाहते बसले होते. सकाळपासून ते बँडच्या नऊ अल्बमचे क्रम नव्याने लावत होते आणि वाटणीला बसलेल्या भावांसारखे भांडत होते. चाळीस वर्षं ज्याच्या नावाने नाकं मुरडली, तो तिसरा अल्बम आज पहिला आला होता. कारण एकच, शेवटच्या गाण्यातल्या चार उंच ओळी. पहिल्या रांगेत पांढऱ्या दाढीचा गायक बसला होता. एवढं कौतुक ऐकूनही त्याचा चेहरा काही खुलला नव्हता.

सातव्या पट्टीवरच्या त्या ओळी त्याच्या नव्हत्याच. रेकॉर्डिस्टच्या ताईच्या होत्या. पुरुष गायकांनीही बाईसारखा पातळ आवाज लावायची तेव्हा टूम होती, म्हणून कोणाला शंका आली नाही.

ताई त्याच स्टुडिओत कोरसमध्ये गायची. तिनेच भावाला तिथे चिकटवलं. बावीस वर्षांचा घोडा झाला तरी ती त्याला सगळ्यांदेखत 'बारक्या'च म्हणायची. त्या गाण्याच्या दिवशी त्याला अचानक सुट्टी मिळाली. का, ते त्याने विचारलं नाही. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा त्याने आवाज ओळखला. कव्हर उलटंपालटं करून पाहिलं, ताईचं नाव कुठेच नव्हतं. तिला विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे रे." गेल्या वर्षी ती गेली, तोपर्यंत तेवढंच म्हणत राहिली.

रेकॉर्डिस्टने मात्र काही जाऊ दिलं नाही. स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्याने ही टेप घरी आणून कपाटात ठेवली. वाजवायला यंत्र उरलं नव्हतं. चाहत्यांनी कुठूनसं एक दुरुस्त करून आणलं आणि चालवायला त्यालाच बोलावलं. वर गायकही येणार म्हणाले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

गायक उठून टेबलापाशी आला. वाकून हळूच म्हणाला, "ती पट्टी नको लावूस. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

"चाळीस वर्षं तुमचंच भलं झालं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "आता बसा आणि ऐका."

त्याला बरं वाटलं. फार बरं वाटलं. म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालेलं त्याला डोळे भरून बघायचं होतं. गाणं मध्येच लावलं तर दुसरीकडचा तुकडा जोडलाय म्हणतील, म्हणून त्याने टेप अगदी सुरुवातीच्या टोकापर्यंत मागे नेली. मग माइक हातात घेऊन सांगितलं, की ज्या आवाजाला तुम्ही आज डोक्यावर घेतलंत तो खरा कोणाचा, ते आता ऐका. आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग गायकाचाच, तरुण पण घोगरा, माइकपासून जरा लांबून आलेला आवाज.

"माझ्या वरच्या ओळी पुसल्यात त्या गाढवाने. काल भलत्याच पट्टीवर रेकॉर्डिंग दाबलं आणि घरी निघून गेला, त्याला पत्ताही नाही. आता पुन्हा गायला गळा कुठाय माझा? उद्यापासून तो कुठल्याच स्टुडिओत दिसणार नाही, बघ."

रेकॉर्डिस्टचा हात बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला.

मग ताई बोलली, माइकच्या अगदी जवळून, साठ माणसांच्या कानात.

"त्या ओळी मी गाते. नाव तुमचंच राहू दे. फक्त बारक्याला काढू नका, आणि त्याला हे कधी कळू देऊ नका."