शेरूचं तिकीट

"सर, डॉग नहीं जाएगा," काउंटरवरची मुलगी पुन्हा म्हणाली.

कुणालने डॉक्टरांची चिठ्ठी परत तिच्यापुढे सरकवली. आईला घाबरं होतं, कुत्रा जवळ असला की ती शांत राहते, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. परदेशात असे कुत्रे मालकाच्या पायाशी बसून विमानाने जातात, हे त्याने वाचलं होतं. तिकिटाचा एजंटही छातीठोकपणे म्हणाला होता, "हो जाएगा."

"अंधे पैसेंजर का गाइड डॉग हो तो अलग बात है सर. ये नहीं."

"माताजी की हालत तो देखिए."

मुलीने पाहिलं. आई बाकावर अंग चोरून बसली होती. पट्टा मुठीत आवळलेला, ओठ पांढरे, हात थरथरत होते. शेरू तिच्या पावलांवर हनुवटी टेकून पडला होता. त्याने जरा मान हलवली की तिचा श्वास अडकत होता.

"मेरे हाथ में कुछ नहीं है सर," मुलगी हळूच म्हणाली.

बाबा गेल्यापासून ब्रह्मा घाटावरच्या घरात आई एकटीच राहायची. थंडीत न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि दूधवाल्याने दार ठोठावेपर्यंत तशीच पडून होती. कुणालला हे कळलं तेही कितीतरी दिवसांनी, दुसऱ्याच कुणाकडून. तेव्हापासून बंगळुरूत त्याला धड झोप नव्हती.

"आता तू माझ्याकडेच राहायचं," तो म्हणाला होता. आई कधी नाही म्हणाली नाही. तिकीट काढायची वेळ आली तेव्हा मात्र म्हणाली, "शेरूला सोडून मला नाही रे राहवणार."

तिने कुत्रा पाळल्याचं त्याला तेव्हाच कळलं. जन्मभर घरात मांजराला उंबरा ओलांडू न देणारी आई! एकटेपणाने तिला कुठे आणून ठेवलं, या विचाराने त्याला भरून आलं होतं.

मॅनेजर आला. त्यानेही मान हलवली. सामानाच्या कप्प्यातून जनावर न्यायची सोय या विमानात नव्हती.

"आई, आपण ट्रेनने जाऊ."

"माझं कंबरडं दोन दिवस टिकेल का त्या बर्थवर? आणि तुझी सुटी?"

"मग मीही जात नाही."

"वेड्यासारखं नको करू. नवी नोकरी आहे तुझी." तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "जा बाळा. मी काय एकटी आहे? हा आहे ना."

कुणालने फक्त आपली बॅग काउंटरवर ठेवली. मोठा पगार, मोठं घर, आणि म्हाताऱ्या आईचा एक कुत्रा बरोबर नेता येत नाही. काचेपलीकडे ती टॅक्सीकडे निघाली. शेरू पुढे ओढत होता, ती हात लांब ताणून मागे. विमानात खिडकीकडे तोंड करून तो रडला.

बंगळुरूला उतरून बॅगेची वाट पाहताना त्याने सुरुचीमावशीला फोन लावला. आईची जुनी मैत्रीण, घाटाजवळच दूधविनायक मोहल्ल्यात राहणारी. फोन तिच्या यजमानांनी, वासुदेवकाकांनी उचलला.

"काका, आईला विमानात घेतलं नाही. ती परत गेली आहे. मावशीला रोज जरा डोकावायला सांगाल? शेरू आहे तिच्याजवळ, पण तरीही..."

"शेरू? तो तर इथे माझ्या पायाशी पडलाय. तुझी आई मघाशी आणून सोडून गेली."

"सोडून? का?"

"का म्हणजे? आमचाच कुत्रा तो."

सामानाच्या सरकत्या पट्ट्यावरून कुणालची बॅग समोरून निघून गेली.

"पण काका, आई तर म्हणाली..."

"अरे, मागच्या महिन्यात तिने मला तुमच्या विमानकंपनीला फोन करायला लावला. कुत्रा कुठल्याही परिस्थितीत चालणार नाही, म्हणाले. ते ऐकल्याबरोबर ती म्हणाली, भावजी, मग तुमचा शेरू थोडे दिवस माझ्याकडे द्या."