आईच्या आवाजातला प्रश्न

“मोहाचं झाड तू तोडलंस?” न्यायाधीश बाईंचा प्रश्न कोर्टातल्या यंत्राने माडिया भाषेत विचारला आणि आरोपी लालसू दचकला. यंत्राला माडिया शिकवली होती ती त्याच्याच आईने, मरण्याआधी तासन्‌तास गोष्टी सांगून. आवाजही तिचाच होता.

ठाण्यात लालसू प्रत्येक प्रश्नाला “होय साहेब” म्हणाला होता. तेवढंच मराठी त्याला येत होतं.

“नाही गं आई,” आता तो रडत म्हणाला. “तुझं झाड मी कसं तोडेन? पण मोह फुलला तेव्हा मी तुरुंगात होतो. तुला पुरलं तिथल्या दगडापाशी यंदा मोहाची पहिली फुलं कोणी ठेवली?”

यंत्राने ते मराठीत सांगितलं. जामीन मंजूर करून बाई यंत्रापाशी हळूच काही बोलल्या.

“घरी जा, बाळा,” आईचा आवाज म्हणाला. “फुलं तूच ठेव.”