पाच क्रुसांची वाट

"पहिल्या क्रुसापाशी ठेविते गं वात,
वाटेच्या पाहुण्याची अंगणी पडो रात..."

आईचा हा आवाज सुभद्राबाईंच्या कानात प्लेगच्या सालापासून होता. तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. थोरल्या भावाला प्लेगच्या छावणीत नेलं, आणि आई त्यांचं बोट धरून परळपासून शीव कोळीवाड्यापर्यंत पाच क्रुसांना पायी गेली. क्रूस किरिस्तावांचे, नवस सगळ्यांचा. एका दिवसात पाचांपाशी मेणबत्ती लावली की वाटेला लागलेलं माणूस घरी येतं, असं आई म्हणायची.

आता सदुसष्टाव्या वर्षी, दोन्ही डोळे गेल्यावर, त्यांनी तोच हट्ट धरला. त्यांचा मुलगा शरच्चंद्र मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून निघालेल्या मोर्चात सोमवारी गेला होता, तो परतला नव्हता. आज शुक्रवार.

"नलू, मला चालव," त्या सुनेला म्हणाल्या.

नलूला नाही म्हणवेना. पण नेणार कशी? वाडीच्या तोंडाशी संचारबंदीचे शिपाई उभे होते. आणि दुसरंही एक होतं. आदल्या संध्याकाळी शेजारचा कुशाबा ओल्या धोतरानं येऊन उंबऱ्याबाहेरच थांबला होता.

"कोण गं?" आतून सुभद्राबाईंनी विचारलं.

"मी कुशाबा, मावशी. नळावर पाय धुताना भिजलो." मग तो नलूकडे वाकून पुटपुटला, "वैनी, गोळी छातीत होती. पोलिसांनी लगोलग अग्नी द्यायला लावला, मी होतो तिथं. म्हातारीला इतक्यात नका सांगू. टिकायची नाही ती."

नलूनं आत येऊन भाकरी थापली. बांगड्या हातातच ठेवल्या, कारण त्यांची किणकिण थांबली असती तर म्हातारीनं विचारलं असतं. रडण्याचाही आवाज होतो. म्हणून ती रडली नाही.

वाडीच्या मागच्या अंगाला, नारळांच्या पलीकडे, एक क्रूस होता. चार खांब, वर कौलं, म्हणजे किरिस्तावांचं इवलंसं प्रार्थनाघर, कपेलच. नलूनं ठरवलं, हाच पाच वेळा दाखवायचा.

पहिली मेणबत्ती लागली. सुभद्राबाईंनी हात जोडले, ओवी म्हटली. नलूनं त्यांना चार पावलं पुढं नेऊन धोंड्यावर टेकवलं, मागं येऊन वात चिमटीत विझवली आणि मेणबत्ती पदराच्या गाठीत बांधली. मग हात धरून वाडीला लांबच लांब वळसा घेतला. गवतातून, विहिरीच्या काठानं, मोडक्या कुंपणावरून.

"इथं भातखाचरं होती," सुभद्राबाई चालता चालता सांगत होत्या. "नायगावापर्यंत. बांधावरून चालताना खेकडे पायाखाली यायचे. अन् पलीकडे ताडांची रांग, ताडी काढायला भंडारी वर चढलेले. आहेत का गं ताड?"

"दोन आहेत," नलू म्हणाली.

"दोन तरी आहेत."

दुसरी मेणबत्ती. पुन्हा वळसा. वाडीतलं लंगडं कुत्रं मागं लागलं होतं, ते काही परतेना.

"हिंदमाता आली का? साड्यांची दुकानं?"

"आली. सगळी बंद आहेत, आई."

"बरं झालं. नाहीतर तू इथंच बसली असतीस."

नलू हसली.

तिसरी मेणबत्ती दादरची. पुढं सुभद्राबाईंना तळं आठवलं, कमळांनी भरलेलं. आईनं त्यात त्यांचे पाय धुतले होते. नलूनं विहिरीचं पोहऱ्यातलं पाणी त्यांच्या पायांवर ओतलं.

"तळंच आहे," ती म्हणाली.

"गार आहे," सुभद्राबाई म्हणाल्या आणि पाय बराच वेळ तसेच ठेवून बसल्या.

"आई, तुमचा भाऊ... आला का मग परत?"

"ऊठ. माटुंगा लांब आहे."

चौथी मेणबत्ती लावून झाली. नलूची पावलं आता मागं पडत होती. म्हातारी मात्र तिचा हात घट्ट धरून चालली होती. कोण कुणाला नेतंय, बघणाऱ्याला कळलं नसतं.

"शीवची चढण लागली नाही ती?"

"रस्ता सपाट केलाय आता."

"सरकार कामं चांगली करतं हो," सुभद्राबाई म्हणाल्या.

पाचव्यांदा दोघी क्रुसापुढं उभ्या राहिल्या. सुभद्राबाईंनी कट्ट्यावरचं मेण चाचपलं. मेणबत्ती त्यात रोवली.

"पाचवी ओवी म्हणा ना, आई."

सुभद्राबाईंनी ती म्हटली. आवाज त्यांचा नव्हता, साठ वर्षांमागचा कुणाचा तरी होता.

"पाचव्या क्रुसापाशी सरली माझी वाट,
डोळ्यांतल्या तळ्याचा फुटू दे गं काठ."

नलूनं काडी ओढून वात लावली.

"पदरातल्या चारही काढ," सुभद्राबाई हळूच म्हणाल्या. "विझवायला नको होत्यास. दुसऱ्या क्रुसापासून मेण ऊनच लागतंय मला."

नलूनं पदराची गाठ सोडली.

"अन् आपल्या नळाला संध्याकाळी पाणी कधी आलंय गं? कुशाबाचं धोतर टपटपत होतं. अंघोळ करून, उंबऱ्याबाहेर थांबून माणूस कुठून येतो, ते कळायला डोळे लागत नाहीत."

"आई..."

सुभद्राबाईंनी तिचं डोकं ओढून खांद्यावर घेतलं.

"मघाशी विचारलंस ना? माझा भाऊ परत आला नाही, नलू. आम्ही घरातून निघालो तेव्हाच आईला ते ठाऊक होतं. पण दोन दिवस मी रडले नव्हते, म्हणून तिनं मला चालवलं."