मारुतीरायाला खांदा

काजूच्या बागेत मेलेल्या माकडासाठी तिरडी बांधून झाली. आबा हार घेऊन वाकले, तशी गावची आशा सेविका सुगंधा आडवी आली.

"हात लावू नका, आबा! माकडतापाने गेलं असेल. याच्या अंगावरच्या गोचिडी आता आपल्या अंगावर चढतील. सरकारी माणसं येऊन जाळतील त्याला."

"मारुतीरायाला परक्यांनी जाळायचं?" आबा कडाडले. "आजवर गावाने खांदा दिलाय."

"दिलाय ना. गेल्या वर्षी पहिला खांदा आमच्या ह्यांनीच दिला. पंधरवड्यात तुम्ही ह्यांना दिलात."

आबांनी हार तिथेच ठेवला, लांबूनच हात जोडले. सुगंधा त्यांच्या पायांशी बसून पोटऱ्यांवर गोचिडी शोधू लागली.

नवऱ्याचे पाय तिने त्या दिवशी पाहिलेच नव्हते.