घाबरून बाहेर पळालेले

"भांडी पडली?" भूकंपाच्या धोक्याचा नवा नकाशा करायला कोयना खोऱ्यात आलेल्या डॉ. कारखानीसांनी फॉर्म पुढे ओढला.

"पडत्याल कशी? मांडणीला दोरी आवळलीया," चहा ओतत सरूबाई म्हणाल्या.

"परवाच्या धक्क्यात घाबरून किती माणसं बाहेर पळाली?"

"एक बी न्हाय."

घरोघरी हेच उत्तर. कारखानीस वैतागले. लोकच असे निगरगट्ट, तर नकाशात धोका दाखवायचा कसा?

इतक्यात जमीन गुरगुरली, पत्रा खडखडला. कारखानीस फॉर्म छातीशी धरून थेट अंगणात! सरूबाईंनी फक्त कपावर बशी झाकली.

"या आत, सायेब. च्या निवतोय."

कारखानीस आत येऊन बसले. आजच्या धक्क्यासाठी कोरा फॉर्म काढला आणि 'बाहेर पळालेली माणसं' या रकान्यात प्रामाणिकपणे आकडा भरला: एक.