वाचणारीची ओटी

“अंजनी, मोठ्यानं वाच, मागं ऐकू येत नाही,” पार्वताबाई दर गुरुवारी सांगायच्या. तिच्या गावानं वाळीत टाकलेल्या एका इंग्रज बाईची गोष्ट असलेली जुनी कादंबरी अंजनी मराठीत वाचून दाखवायची आणि दीक्षितपुऱ्यातल्या आम्हा बायकांचे पदर ओले व्हायचे. आज वाचन संपलं, म्हणून पोथीसारखं उद्यापन केलं. पहिली ओटी वाचणारीची, पण पार्वताबाई अंजनीला वगळून पुढे सरकल्या. “तिला नवऱ्यानं टाकलं आहे जी. अपशकुन काहून करायचा?” अंजनी पुस्तक मिटून घरी गेली. “मग त्या इंग्रज बाईसाठी रडलात कशाला?” मी विचारलं. “ती थोडीच हळदीकुंकवाला येऊन राहिली होती, दीदी?” पार्वताबाई म्हणाल्या. सगळ्या हसल्या. गुरुवारी कुणाला कडू बोलायचं नाही, हा माझा नेम आज जड गेला. अंजनीला ओटीचा शब्द मीच दिला होता. ताटातला नारळ नि खण उचलून मी चपला घातल्या.